निळ्या काठाची ड्युटीची साडी

साडी हातात पडली तशी मी एक्स्चेंजपासून मजुरांच्या कॅम्पातल्या आमच्या खोलीपर्यंत पळतच आले. एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिक पास होते आणि भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले होते. आता हे सांगितलं की घरातल्या पोरी म्हणतात, त्यात काय एवढं! काय एवढं? आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारं माणूस मीच पहिली. बाबा भट्टीच्या उभारणीवर खलाशी होते, म्हणजे जड लोखंड दोरखंडानं वर चढवायचं काम. आई सेक्टर सहाच्या क्वार्टरांवर रेजा होती; डोक्यावर विटा घेऊन दिवसभर परांचीवर चढायची नि उतरायची. आणि मला खुर्ची, ती पण फिरणारी.

कागदात गुंडाळलेल्या दोन साड्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, गिरणीच्या, हाताला मऊ, आणि चार बोटं रुंद निळा काठ. आईनं आपले हात लुगड्याला चांगले चारदा पुसले, मग कुठं साडीला लावले. काठावरून बोट फिरवत म्हणाली, “पांढरी अन् निळी. आपलेच रंग दिले वो कंपनीनं.”

नागपूरला दीक्षा घ्यायला आमचं अख्खं घर पांढऱ्यात गेलं होतं. आईचं त्या दिवशीचं लुगडं साध्या मांजरपाटाचं होतं, तेही बाबांनी उसनवारी करून घेतलेलं. तेव्हापासून पांढरा म्हणजे आमचा मोठ्या दिवसाचा रंग. निळा तर झेंड्याचाच. कंपनीला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण आईला वाटायचं की कोणीतरी मुद्दाम विचार करून काढलीय ही साडी. मीही तिला तसंच वाटू दिलं.

साडीबरोबर टाइप केलेला एक कागद होता. इंग्रजीत. मी तो चिमणीच्या उजेडात बसून डिक्शनरी घेऊन वाचला आणि घरच्यांना मोठ्यानं समजावून सांगितला. ब्लाउज पांढरा, बाही कोपरापर्यंत. पायात काळे बंद बूट. केसांचा एकच अंबाडा. फूल नाही, गजरा नाही. हातात एकेकच बांगडी, ती पण धातूची. साडी रोज धुतलेली, इस्त्री केलेली. आणि शेवटी खाली रेघ मारलेलं कलम: साडी कंपनीची आहे, ड्युटीवर आणि ड्युटीच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर सोडून ती कुठंही नेसायची नाही. बाबा म्हणाले, बराबर हाय, मिलिटरीत बी असंच असते. बाबा मिलिटरीत कधी नव्हते.

आमची हेड ऑपरेटर खडगपूरच्या रेल्वे वसाहतीत वाढलेली ख्रिश्चन बाई होती. आम्ही तिला बडी मॅडम म्हणायचो. पन्नाशीची, काटकुळी, आवाज एकदम खणखणीत. रोज ड्युटी सुरू व्हायच्या आधी आम्हाला रांगेत उभं करून ती डोक्यापासून बुटापर्यंत बघायची. पहिल्याच आठवड्यात माझं नि तिचं वाजलं. मी काचेच्या बांगड्या घालून गेले होते. म्हटलं, बांगड्यांनी काय फोन बिघडतो का? जिभेला हाड नव्हतंच माझ्या. तिनं मला शेजारच्या खोलीत पाठवलं, फोन कानाला लावायला सांगितला आणि माझ्याच बांगड्या आपल्या हातात चढवून बोर्डावर बसली. अहो, कानात असा खळखळाट झाला की बोललेला एक शब्द कळेना. भट्टीवरून कोणी पाणी बंद करा म्हणून ओरडत असेल, आणि मधे ह्या बांगड्या! मी गुमान परत आले आणि बांगड्या पिशवीत टाकल्या. तेव्हापासून मला ती आवडायला लागली, पण हे मी तिला मरेपर्यंत सांगितलं नसतं.

आमच्यात दुर्गची एक मराठी मुलगी होती. त्यांचं घर तिथं पिढ्यान्‌पिढ्याचं. नवीन लग्न झालेलं. तिच्या सासूनं ती पांढरी साडी बघून कपाळाला हात लावला होता म्हणे. नवरा जिवंत असताना पांढरं नेसून उंबरठा ओलांडायचा नाही. म्हणून बिचारी सायकल रिक्षातून हिरव्या-लाल साडीत यायची, स्टोअरच्या खोलीत बदलायची आणि जाताना पुन्हा बदलायची. मी तिला चिडवायची, म्हणायची, बाई गं, तुझ्या घरी ज्या रंगाला रडतात तो आमच्या घरी झेंड्यासारखा मिरवतात. ती हसायची, पण बाहेर पडताना कुंकू मात्र दोनदा बघून घ्यायची.

आणि काम! काय सांगू तुम्हाला त्या बोर्डाचं. समोर छोटे छोटे दिवे. दिवा लागला की कॉर्ड घालायची, नंबर विचारायचा, दुसऱ्या भोकात दुसरी कॉर्ड. भट्टी, कोक ओव्हन, पॉवर हाऊस, रेल्वे यार्ड, दवाखाना. रशियन साहेब काहीतरी भराभर बोलायचे, मधे दुभाष्या घाम पुसत हिंदी करायचा, आणि पलीकडून कोणी पंजाबी नाहीतर बंगाली उत्तर द्यायचा. सगळं माझ्या दोन हातांतून जायचं. बाबा भट्टीच्या वर कुठंतरी दोरखंड ओढत असायचे, आणि त्यांच्या साहेबाचा आवाज माझ्या कानात. घरी आल्यावर मी त्यांना सांगायची, तुमचं काम उद्या कुठं आहे ते. त्यांना ते माझ्यानंतर कळायचं. बाबांना ह्याचं इतकं कौतुक की चहाच्या टपरीवर हीच गोष्ट.

नोकरी मात्र सहा महिने कच्ची होती. शेवटी मॅडम रिपोर्ट लिहिणार, मग पक्की. आणि मॅडमचा रिपोर्ट म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक होतं. माझ्या आधीची एक मुलगी ती साडी नेसून दुर्गला सिनेमा बघायला गेली. नशीब असं की मॅडम मागच्याच रांगेत. पुढच्या महिन्यात त्या मुलीच्या खुर्चीवर मी होते. खरं सांगते, मला नोकरी लागली ती अशी.

पाचवा महिना सरता सरता माझं लग्न ठरलं. मुलगा रेल्वेत फिटर, गोंदियाकडचा, आमच्यातलाच. मुलाची हरकत नव्हती, पण त्याच्या घरच्यांनी साफ सांगितलं: पोरीची नोकरी पक्की झाली तर पोरगा दुर्गला बदली मागेल, भिलाईतच बिऱ्हाड करा. नाही झाली तर तिनं गावी यायचं आणि सासू-सासऱ्यांजवळ राहायचं. म्हणजे माझं सगळं त्या एका रिपोर्टावर येऊन थांबलं. तारीख धरली ती रविवारची, रिपोर्टाच्या चार दिवस आधीची. मी एका दिवसाची रजा लिहून दिली. मॅडमनं ‘गुड’ एवढंच म्हटलं.

लग्नाची साडी मामा आणणार होता. नागपूरहून, इतवारीतून, पांढरी, जरीची बारीक कड असलेली. मामाची मानाची साडी. तो शनिवारच्या गाडीनं निघणार, रविवारी सकाळी आमच्याकडे. लग्न लावणारे आमचे बौद्धाचार्यही रेल्वेतलेच एक क्लार्क होते. त्यांना दुपारी राजनांदगावला दुसरं लग्न होतं. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, मुहूर्त आपण मानत नाही, पण दहाची गाडी मी मानतो.

आणखी एक गोष्ट. बाबांनी हळदीला बंदी केली होती. ते जुनं सोडलं म्हणजे सोडलं, म्हणाले. पण गावाकडून आलेल्या माझ्या मावश्यांना हळदीशिवाय पोर नवरी वाटेना. शनिवारी दुपारी बाबा ड्युटीवर गेले तसं त्यांनी दार लावलं आणि मला अशी माखली की विचारू नका. मी ओरडले, चिडले, आणि आतून मजाही वाटत होती. रात्री अंग धुतलं, पण मानेवर नि मनगटांवर रंग बसला तो बसलाच.

रविवार उजाडला. सात वाजले, आठ वाजले, मामाचा पत्ता नाही. भावाला साडेसहालाच सायकलवर दुर्ग स्टेशनला पिटाळलं होतं. तो धापा टाकत परत आला: गाडी डोंगरगडच्या अलीकडेच उभी आहे, कधी येईल सांगता येत नाही. मांडवात माणसं भरलेली. नवरदेव पांढऱ्या सदऱ्यात येऊन बसलेला. आचार्य घड्याळ बघत होते. आणि मी परकर-पोलक्यावर टिनाच्या खोलीत बसलेली! घरात पांढरी साडी म्हणजे आईचं ते मांजरपाटाचं लुगडं, पण ते मधेच विरलं होतं, उचललं तर हातात दोन तुकडे.

आईनं ट्रंक उघडली. वरच माझी ड्युटीची साडी होती, कडक इस्त्रीची. दुसरी कालची, मळलेली, बादलीत भिजत पडली होती. आईनं साडी काढली आणि माझ्यापुढं धरली.

मी भडकले. आई, डोकं फिरलंय का तुझं? ह्या साडीनं त्या सिनेमावालीची नोकरी गेली, आता माझी घालवतेस? आई शांतपणे म्हणाली, “मंग काय नेसतं? थो आचार्य गाडीनं गेला त लगन राहिलं. इथं कोन येऊन राहिलं पाहाले?” खरं होतं. कॅम्पाच्या त्या कोपऱ्यात मॅडम कशाला येते? तासाभराचा प्रश्न. मी नेसले. निळा काठ नीट समोर आणला, मॅडमनं शिकवलेल्या पद्धतीनंच चार निऱ्या घातल्या. सवय!

बाहेर आले आणि मांडवात एकदम कुजबुज. मला वाटलं, ओळखली साडी. पण बायका म्हणत होत्या, पाह्य वो, निळा काठ! कुठून आनली? खास बनवून घेतली का? नवरदेवसुद्धा मान वर करून बघायला लागला. अख्ख्या वस्तीला वाटलं की ही लग्नासाठीच काढलेली साडी. भीती होतीच, आणि तरी मी इतकी खूश, इतकी खूश, की गालातलं हसू आवरेना. सगळ्यांबरोबर त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं, हार घातले. आचार्यांनी नऊच्या सुमाराला आटोपलं आणि सायकलच्या कॅरिअरवर बसून स्टेशन गाठलं.

मी साडी बदलायला आत निघाले होते. पण एकेक पाया पडायला येत होता, कोणी फोटोवाला आणला होता, मग भातावर वरण पडलं. तेवढ्यात कॅम्पाच्या रस्त्यावर धूळ उडाली आणि कंपनीची जीप येऊन मांडवाशीच थांबली.

ड्रायव्हरनं सांगितलं ते असं. नव्या, दुसऱ्या भट्टीतून पहिलं लोखंड उद्या निघायचं होतं, ते आजच निघतंय. बोर्डावर दिव्यांचा नुसता पाऊस. एक ऑपरेटर तापानं पडलेली, दुर्गवालीची सासू आजारी, मॅडम एकटी दोन बोर्ड सांभाळतेय. तिनं मला घेऊन यायला सांगितलंय, मग लग्न असो की काहीही असो. एवढं बोलून त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. “अरे, आप तो ड्रेस में तैयार ही बैठी हैं!”

आता काय करावं? नाही म्हणावं तर चार दिवसांवर आलेल्या रिपोर्टात काय लिहिलं जाईल ते दिसत होतं. जावं तर ह्याच साडीत, दुसरी बादलीत. आणि साडीचा गळ्याजवळचा पदर घामात उतरलेल्या हळदीनं पिवळा झालेला. मी आईकडं पाहिलं, आईनं जमिनीकडं. नवरदेव उठून जवळ आला. त्याच्याशी माझं तोवर एकही वाक्य झालं नव्हतं. तो म्हणाला, “जा तुम्ही. मी थांबतो.” एवढंच. पण जावं असं त्या क्षणी मला कोणी म्हणायला हवं होतं, आणि ते त्यानं म्हटलं. मी जीपमध्ये चढले, हार काढून ड्रायव्हरच्या शेजारी ठेवला आणि गजरा केसांतून ओढला.

मॅडमनं दारात मला पाहिलं. तिची नजर पदरावर गेली, मनगटावर गेली. नुसती खुर्ची दाखवली.

मग जे चार-पाच तास गेले ते मी जन्मात विसरणार नाही. दोन हात पुरत नव्हते. पॉवर हाऊस भट्टीला मागतंय, यार्ड भट्टीला मागतंय, साहेबांच्या बंगल्यावरून दर मिनिटाला विचारणा, निघालं का? मी ह्या कानानं ऐकून त्या कानात सांगत होते, अजून नाही, अजून नाही. आणि मग भट्टीची लाइन. दुभाष्या की कोणी, अजून सांगता येत नाही, फोनमध्ये फक्त ओरडत होता, निकल गया, निकल गया, आणि त्याच्या मागं शेकडो माणसांचा गजर. त्या गजरात कुठंतरी बाबांच्या टोळीची माणसं होती. मी सगळ्या लायनींना सांगत सुटले. निकल गया साहब. निकल गया. पॉवर हाऊसवाला मला म्हणाला मुबारक हो, त्याला काय ठाऊक कशाकशाबद्दल! मी रडत होते आणि कॉर्डी घालत होते. शेजारी मॅडम, तिचेही डोळे भरलेले, पण आवाज खणखणीतच.

संध्याकाळी बोर्ड निवला तेव्हा तिनं मला आत बोलावलं. दार लावलं. आणि विचारलं, “ये साड़ी कितने बजे पहनी?”

सुटका समोर होती. जीप आली तेव्हा नेसले, म्हटलं की झालं. ड्रायव्हरला कोण विचारायला जातंय? शब्द ओठांपर्यंत आलाही. पण त्याच दिवशी सकाळी, त्याच साडीत, दोनशे माणसांसमोर मी म्हटलं होतं की खोटं बोलणार नाही. पंचशीलातलं चौथं. दुसऱ्या कुठल्या दिवशी असती तर कदाचित बोललेही असते. त्या दिवशी नाही जमलं. आणि माझा जुना संतापही वर आला: काय चोरी केलीय मी?

“सुबह साढ़े आठ बजे,” मी म्हटलं. “शादी इसी में हुई. मेरी साड़ी की गाड़ी नहीं आई.”

“सफेद में शादी?”

“हमारे में सफेद ही पहनते हैं, मॅडम.”

तिनं माझ्या निळ्या काठाकडं पाहिलं. मग म्हणाली, “हमारे में भी.” तिचं लग्न झालेलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी खाली पाहिलं.

तिनं हजेरीचं रजिस्टर पुढं ओढलं. माझ्या नावापुढं रजा लिहिलेली होती, ती तिनं पट्टी धरून एका रेघेत खोडली. वर लाल शाईनं लिहिलं, ऑन ड्युटी, सकाळी साडेआठपासून. खाली सही केली. आणि म्हणाली, हळद काढ, उद्या दिसता कामा नये. पदरावर बोटभर डाग होता, त्याबद्दल ती पाच मिनिटं बोलली. माझ्या लग्नाबद्दल एक अक्षर नाही. सिनेमावाल्या मुलीसाठी तिनं असं का केलं नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही नाही. पण मी कशाला विचारू? दाराशी गेल्यावर मागून आवाज आला, रिपोर्ट लिहून ठेवलाय, पक्की आहेस.

जीपनं मला कॅम्पावर सोडलं तेव्हा मांडवात पंगत उठून गेली होती. मामा आला होता, साडीचं पुडकं मांडीवर घेऊन तोंड पाडून बसला होता. नवरदेव खरंच थांबला होता, बाबांबरोबर चुलीची लाकडं फोडत होता. आई मला बघून उठली. मी एका दमात सगळं सांगितलं: नोकरी पक्की, आणि रजिस्टरात काय लिहिलं ते.

आईला ते लवकर समजेना. “म्हंजे तुह्यं लगन लागलं तवा तू कामावर होती, असं लिवलं त्याईनं?”

“हो.”

“शाईनं?”

“लाल शाईनं. सही पण आहे.”

आईनं माझ्या पदरावरचा तो पिवळा डाग चिमटीत धरला. “तू झाली तवा मी बी कामावरच होती,” ती म्हणाली. “नहर खोदत होते, त्या मातीवर. दुपारपावतर टोपलं वाह्यलं, झाडाखाली तू झाली, अन् तिसऱ्या दिवशी मी परत टोपलं उचललं. कोन्या कागदात नाही लिवलं बापा.”

मग तिनं मला आत नेलं, मामाची साडी नेसवली आणि ड्युटीची साडी घेऊन स्वतः नळावर गेली.